कानातून परत येणारा सूर मोजताना

कान आवाज नुसता घेत नाही, बाहेरही सोडतो. डेव्हिड केम्प यांनी 1978 साली हे मोजून दाखवलं. कॉक्लियातल्या (अंतर्कर्णातल्या शंखासारख्या वेटोळ्या नळीतल्या) बाह्य केशपेशी, माणसाच्या एका कानात साधारण 12,000, कंपनाबरोबर लांबी बदलून बारीक आवाजाला जोर देतात. त्यातली थोडी ऊर्जा मध्यकर्णातून उलटी बाहेर येते. जिवंत माणसाच्या अंतर्कर्णाला हात न लावता आतलं काम बघायची ही वाट मला अतिशय मोलाची वाटते. मात्र या मोजमापात घात होतो तो बहुतेक वेळा कानाच्या नळीत, कॉक्लियात नाही.

रीत अशी: दोन सूर एकदम ऐकवायचे, वरचा खालच्याच्या 1.22 पट. खालचा 65 डेसिबल, वरचा 55. खालच्याच्या दुपटीतून वरचा वजा केला की जी वारंवारता उरते, तिथे कानाचं उत्तर शोधायचं. 3280 आणि 4000 हर्ट्झ दिले तर 2560 वर. सॅम्पलिंग (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) 48,000 आणि एका वेळी तपासायचा तुकडा 4800 नमुन्यांचा ठेवा, म्हणजे 10 हर्ट्झच्या पटीतला प्रत्येक सूर तुकड्यात पूर्ण आवर्तनांनी बसतो. तो तसा बसला नाही तर मोठ्या सुरांची ऊर्जा शेजारी सांडते आणि त्यात लहानसं उत्तर बुडतं.

दोन सूर दोन वेगळ्या स्पीकरमधूनच द्या. एकाच स्पीकरमधून दिले तर तो स्वतःच तिसरा सूर तयार करतो. खात्रीसाठी प्रोब (कानात बसवायचं, सूर देणारं आणि मायक्रोफोन असलेलं टोक) 2 मिलिलिटरच्या पोकळीत बसवून तेच मोजमाप घ्या. तिथेही 2560 वर काही दिसलं तर ते यंत्राचं आहे.

आता सगळ्यात फसवी जागा. प्रोबपासून कानाचा पडदा 2 सेंटिमीटरवर असेल तर 4300 हर्ट्झच्या आसपास पडद्यावरून परतलेली लाट प्रोबच्या मायक्रोफोनपाशी मूळ लाटेला खोडते. मायक्रोफोनला आवाज कमी वाटतो, यंत्र तो वाढवतं, आणि पडद्यावर मात्र ठरवल्यापेक्षा 15-20 डेसिबल जास्त पडतात. म्हणून 3000 च्या वर फक्त मायक्रोफोनच्या आकड्यावर पातळी ठरवू नये. पडद्याकडे जाणारी आणि परत येणारी लाट वेगळी काढून फक्त जाणाऱ्या लाटेवर ती ठरवावी. प्रोबचं रबरी टोक सैल बसलं तर लक्षण वेगळं: खालचे सूर गळतात. मळाने छिद्र बुजलं असेल तर सगळंच क्षीण होतं, आणि मध्यकर्णात पाणी असेल तर उत्तर जवळजवळ नाहीसंच होतं, कारण आवाजाला तिथून जाऊन परतही यायचं असतं.

गोंगाट कमी करायला अनेक तुकड्यांची सरासरी घ्यावी. चौपट तुकडे घेतले की गोंगाट 6 डेसिबलने उतरतो. गिळताना किंवा हलताना आलेले तुकडे सरळ टाकून द्यावेत. उत्तर गोंगाटाच्या किमान 6 डेसिबल वर हवं.

एवढं करूनही वारंवारता थोडीशी सरकवली की उत्तर वरखाली होतं, कधी 10 डेसिबलहून जास्त. हा बिघाड नाही. उत्तर कॉक्लियातल्या दोन जागांहून येतं: एक दोन्ही सुरांचा संगम होतो तिथून, दुसरं 2560 च्या स्वतःच्या जागेवरून परावर्तित होऊन. दोन्ही कुठे जुळतात, कुठे एकमेकांना खोडतात. तेव्हा एकाच वारंवारतेच्या आकड्यावरून केशपेशी दुबळ्या ठरवणं चूक आहे. वारंवारता बारीक पावलांनी फिरवा, किंवा 2560 च्या अगदी शेजारी तिसरा सूर देऊन परावर्तित भाग दाबा आणि मग राहिलेला आकडा वाचा.