रिमूव्हमधली शर्यत अखेर सापडली

मागच्या नोंदीत लिनक्स कर्नलच्या ज्या पॅनिकपाशी, म्हणजे कर्नल कोसळण्यापाशी, अडकलो होतो, त्याचे मूळ काल रात्री सापडले: ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमधली शर्यत (रेस), म्हणजे दोन कामांच्या क्रमाचा गोंधळ. टच-बटणांच्या आयटूसी (दोन तारांची बस) ड्रायव्हरला साइसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग-फाइलींमधून) सतत अनबाइंड-बाइंड करणारी (चिपपासून सोडवून पुन्हा जोडणारी) स्क्रिप्ट आता हजार फेऱ्या सुरळीत पूर्ण करते. याआधी बटणावर बोट ठेवले की शंभरी गाठण्याआधीच कर्नल कोसळत असे.

केसॅनच्या (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या कर्नल-साधनाच्या) अहवालात मुक्त झालेल्या मेमरीला हात लावणारा स्टॅक (फंक्शन-कॉलची यादी) टायमरच्या कोडमधला होता आणि त्यात माझ्या ड्रायव्हरचे एकही फंक्शन नव्हते, म्हणून मी इतके दिवस भलतीकडेच शोधत राहिलो. खालचा, मेमरी मुक्त करणारा स्टॅक नीट वाचला तेव्हा तिथे डेव्हएमची (ड्रायव्हरने घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणाऱ्या कर्नल-सोयीची) आवराआवर दिसली आणि क्रम उलगडला. रिमूव्हमध्ये मी डिलेड वर्क (टायमरने थोड्या वेळाने चालणारे काम) रद्द करतो, पण इंटरप्ट (बटण दाबल्याचा चिपचा संकेत) डेव्हएमने घेतलेला असल्यामुळे तो रिमूव्ह संपल्यानंतरच सुटतो. नेमक्या त्या फटीत बटण दाबले गेले की इंटरप्टचा हँडलर तेच वर्क पुन्हा रांगेत टाकतो, त्यानंतर डेव्हएम ते वर्क ज्यात आहे ते ड्रायव्हरचे प्रायव्हेट स्ट्रक्चर मुक्त करते आणि २० मिलिसेकंदांनी टायमर त्या मुक्त जागेवर जाऊन आदळतो. डीबग-ऑब्जेक्ट्स ही कर्नलची तपासणी-सोय आधीच चालू केली असती, तर सक्रिय टायमर मुक्त होताक्षणीच इशारा मिळाला असता. अशा शोधात मी यापुढे तेच आधी वापरीन.

रिमूव्हच्या सुरुवातीला इंटरप्ट बंद करून काम भागले, पण प्रोब (ड्रायव्हर जोडताना चालणारे फंक्शन) अर्ध्यात फसला तर रिमूव्ह चालतच नाही, त्यामुळे तिथे तेच भोक उरते. म्हणून ‘डेव्हएम डिलेड वर्क ऑटोकॅन्सल’ (वर्क आपोआप रद्द करणारी सोय) इंटरप्टच्या आधी नोंदवले. डेव्हएम उलट्या क्रमाने आवरते, त्यामुळे आधी इंटरप्ट सुटतो, मग वर्क रद्द होते आणि शेवटी मेमरी जाते. रिमूव्हमध्ये आता चिपला झोपवणारी एकच ओळ उरली आहे, याचे फार समाधान वाटते.

त्या ओळीचाही एक दोष होता. चिपने उत्तर दिले नाही, तर जुना कोड एरर देऊन वर्क रद्द न करताच परतत असे, आणि कर्नलचा आयटूसी कोअर तो एरर केवळ लॉगमध्ये नोंदवून पुढे जात असे. कर्नल ६.१ पासून आयटूसी ड्रायव्हरांचे आणि ६.११ पासून प्लॅटफॉर्म ड्रायव्हरांचे रिमूव्ह व्हॉइड (काहीच न परतवणारे) झाले, हा बदल मला अत्यंत योग्य वाटतो.

पुढे एसपीआय (आणखी एक बस) ड्रायव्हर घेणार होतो, पण हे लिहिताना माझा कॅरेक्टर डिव्हाइस (फाइलसारखा उघडून वाचता येणारा) आठवला: त्याची फाइल उघडी असताना अनबाइंड केले, तर डेव्हएमची मेमरी जाते आणि रीड मात्र चालूच राहते. तिथे डेव्हएम काढून केरेफ (अजून कितीजण वापरत आहेत ते मोजणारा गणक) लावावा लागेल, म्हणून आधी तेच हाती घेतो.