होणं आणि करणं

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. संध्याकाळची बॅच, बहुतेक कॉलेजची मुलं. त्या दिवशी 16 सप्टेंबर होता, म्हणून भाषांतराला मुद्दाम अर्जेंटिनावरचा उतारा दिला. 1976 मध्ये याच तारखेला ला प्लाता शहरात लष्करी राजवटीच्या माणसांनी शाळकरी मुलांना रात्री घरांतून उचललं. त्या दिवसांत उचललेल्या 10 जणांपैकी चौघं सुटली. बाकी सहा परत आलीच नाहीत. त्यातली क्लाउदिया फाल्कोने 16 वर्षांची होती.

या मुलांनी बसच्या सवलतीसाठी मोर्चे काढले होते आणि 1975 मध्ये सवलत मिळालीही होती. पासाचा विषय निघताच वर्गात हशा. पीएमपीच्या पासाची रांग कोणाला चुकली आहे? मी जरा आवरलं त्यांना. यातली बहुतेक मुलं पेरोनवादी, म्हणजे पेरोन या नेत्याला मानणाऱ्या विद्यार्थी चळवळीतली, राजकारण कळून-सवरून करणारी. सुटलेल्यांपैकी एमिल्से मोलेर हेच सांगत आल्या आहेत. नुसती तिकिटाची गोष्ट सांगितली की मुलं फार भाबडी होतात, आणि राजकारण केलं असतं तर उचलणं चाललं असतं, असा भलताच अर्थ निघतो.

मग गाडी अडली अशा परत न आलेल्यांसाठीच्या 'देसापारेसिदो' या शब्दापाशी. एकाने 'बेपत्ता' लिहिलं. अरे, बेपत्ता तर घरातून पळून गेलेलाही असतो. 'हरवलेला'? हरवतात जत्रेत. स्पॅनिशमधलं 'देसापारेसेर' म्हणजे नाहीसं होणं, अकर्मक. पण लॅटिन अमेरिकेतल्या लोकांनी ते वाकवून सकर्मक केलं. मराठीत एवढी ओढाताण लागतच नाही.

"मॅडम, 'नाहीसे केलेले'," मागच्या बाकावरून आवाज आला.

बरोबर. तिथला हुकूमशहा विदेलाने मात्र 1979 मध्ये पत्रकारांसमोर 'होणं'च ठेवलं. असा माणूस ना जिवंत ना मेलेला, तो नाहीसा झालेला आहे, म्हणाला. वाक्यातून कर्ताच गायब!

उशिरा येणाऱ्यांसाठी मी हजेरी अर्ध्या तासाने घेते. मुलं 'प्रेसेंते', म्हणजे 'हजर' म्हणतात. तिकडे स्मृतिसभांत त्या नाहीशा केलेल्यांची नावं पुकारतात आणि जमलेले लोक त्यांच्या वतीने 'प्रेसेंते' म्हणतात, हे मी नेमकं मघाशीच सांगून बसले होते. नावं वाचताना मलाच कसंतरी व्हायला लागलं.

एका नावाला उत्तर आलं नाही. वर्ग गप्प.

"बस चुकली तिची, मॅडम," शेजारची म्हणाली. "येतेय."