फ्लश टाकण्याआधी ऑइलचं झाकण उघडून बघा

पावसाळ्यात मालवण-रत्नागिरीकडे बाजारापुरतीच फिरणारी गाडी पुरती तापत नाही. आत बाष्प साठतं, झाकणाखाली पिवळट साय दिसते. त्यावर फ्लश (ऑइल बदलण्याआधी इंजिनातला गाळ सोडवायला टाकायचं बाटलीतलं द्रव) नको. अर्धा तास हायवेला चालवली की बहुधा जाते. कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (कूलंटला ऑइलमध्ये शिरू न देणारं इंजिनमधलं सील) तपासा.

काळा, मऊ चिकटा असेल तरच फ्लश. गरम इंजिनच्या जुन्या ऑइलमध्ये, बाटलीवरच्या मापानेच टाका. मग गाडी उभी ठेवून इंजिन आयडलवर चालू ठेवा, बाटलीवर सांगितलेली मिनिटं, बहुतेकदा 10 ते 15. रेस देऊ नका, गाडी हलवू नका: फ्लशने पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला नीट वाचवत नाही. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद करा. सुटलेला गाळ संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) जाळीत अडकला असण्याची शक्यता मोठी. दिवा लागला नाही, तर वेळ संपल्यावर इंजिन बंद करून गरम असतानाच ऑइल काढा, फिल्टर नवाच घाला. थर कडक असतील तर संप उतरवून साफ करणंच बरं.