एपिरस : राखलेल्या झाडांचा ग्रीस

ग्रीसला निघालेल्या कोल्हापूरकराच्या यादीत अथेन्स आणि सांतोरिनी ठरलेलीच असतात, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र हाताशी थोडा अधिक वेळ असेल तर तो वायव्येकडील एपिरसला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. आयोनियन समुद्रापासून पिंडस पर्वतरांगेपर्यंत पसरलेल्या या प्रांताचा मोठा भाग १९१३ मध्ये ऑटोमन सत्तेतून मुक्त होऊन ग्रीसमध्ये आला.

यानिना हे येथील मुख्य शहर तलावाकाठी वसले आहे. त्याच्या एकाच तटबंदीच्या आत अस्लान पाशाची मशीद आहे आणि ज्यूंचे जुने प्रार्थनास्थळही आहे. ज्या मठात १८२२ मध्ये सुलतानाच्या सैनिकांनी यानिनाचा बंडखोर ऑटोमन सुभेदार अली पाशा याला ठार केले, तो मठ तलावातील बेटावर आहे आणि तेथील लाकडी फळ्यांच्या जमिनीला गोळ्यांनी पडलेली भोके आजही दाखवतात.

माझे मन अधिक रमले ते यानिनाजवळच्या प्राचीन दोदोनीत. झ्यूसचा कौल लावण्यासाठी लोक येथे शतकानुशतके येत आणि ओक वृक्षाच्या पानांच्या सळसळीतून पुजारी देवाचे उत्तर सांगत. प्रश्न शिशाच्या पातळ पट्ट्यांवर कोरून दिले जात. अशा हजारो पट्ट्या उत्खननात सापडल्या असून त्यांपैकी काही यानिनाच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहेत. राजकारणाचे मोठे प्रश्न त्यांत थोडे. लग्न करावे का, मूल होईल का, वस्तू कोणी चोरली, असे घरगुतीच फार. लिसानियास नावाच्या गृहस्थाने तर पत्नीच्या पोटातील मूल आपलेच आहे का, असे थेट देवाला विचारले आहे. बोटभर रुंदीच्या पट्टीवरील ती बारीक अक्षरे पाहताना दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर मला जाणवेनासे झाले.

दोदोनीचा तो ओक इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस गेला, पण झाडाला पवित्र मानण्याची रीत एपिरसमधून गेली नाही. झागोरीच्या डोंगराळ गावांत, विशेषतः वित्सा आणि मिक्रो पापिंगो येथे, गावावरच्या उतारावरील रान संतांच्या नावे राखलेले आहे आणि तेथे कुऱ्हाड चालवणाऱ्याला चर्च बहिष्कृत करील, असा पूर्वी धाक असे. श्रद्धेच्या मागे हिशेबही होता, कारण ते रान तुटले असते तर पावसाळ्यात दगडमाती थेट घरांवर आली असती. आजरा-भुदरगडच्या देवराया पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. युनेस्कोने २०२३ मध्ये झागोरीला जागतिक वारसास्थळांत स्थान दिले ते सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, आणि मला ते अगदी योग्य वाटते; येथील निसर्ग माणसाने राखला म्हणूनच उरला आहे.

दगडी पुलांबाबतही हेच म्हणता येईल. डोंगरातील नद्या पावसात एकाएकी फुगतात, म्हणून गवंड्यांनी अनेक ठिकाणी मधल्या खांबाचा आधार न घेता काठापासून काठापर्यंत एकच उंच कमान टाकली. कोनित्साच्या पुलाखाली एक छोटी घंटा टांगलेली आहे. वारा धोकादायक झाला की ती वाजू लागते आणि वाटसरूने पलीकडे जायचे थांबावे, असा तिचा अर्थ. प्लाका येथील १८६६ चा पूल मात्र फेब्रुवारी २०१५ च्या पुरात कोसळला. तो होता तसाच दगडात पुन्हा उभारण्यात आला आणि २०२० मध्ये पूर्ण झाला. सिमेंटचा पूल टाकून मोकळे होणे सोपे होते. ते केले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

झागोरीतील विकोसची घळ पाहण्यासाठी मोनोदेंद्रीजवळील ओक्सिया हे ठिकाण गाठावे. घळीत उतरायचे असल्यास मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा, पूर्ण दिवस हाताशी ठेवावा आणि तळ घट्ट धरणारे बूट घालावेत, कारण पावसाने ओल्या झालेल्या फरसबंद पायवाटा फार निसरड्या होतात. यानिनाहून झागोरीकडे बस मोजक्याच असल्याने गाडी भाड्याने घेणे सोयीचे पडते.