काचेच्या तोंडाचे कॅबिनेट आणि नागपूरचा मे महिना

माझ्या संगणकाचे आधीचे कॅबिनेट, म्हणजे त्याचे सगळे भाग सामावणारी पेटी, मी दुकानात पाहताक्षणी घेतले होते. समोर गडद काच आणि तिच्यामागे रंगीत दिव्यांचे तीन फॅन, असा त्याचा थाट होता. काच आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन्ही कडांना जेमतेम बोट जाईल एवढी फट होती आणि तिन्ही फॅननी आपली सगळी हवा त्या फटीतूनच ओढावी, अशी ती रचना होती. खरेदी डिसेंबरात झाल्यामुळे हा दोष लक्षात यायला मे महिना उजाडावा लागला.

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. माझ्याकडे रायझन ५ ५६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० हे १७० वॉटचे ग्राफिक्स कार्ड आहे; बाकीचे भाग धरून पूर्ण भाराखाली ३०० वॉटच्या आसपासचा हिशेब धरावा. एवढी उष्णता वाहून नेताना आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर ताशी सुमारे ९० घनमीटर हवा पेटीतून जावी लागते. कॅबिनेट काहीही थंड करत नाही, ते केवळ खोलीतली हवा आत घेऊन बाहेर सोडते. त्यामुळे खोलीच ३६ अंशांवर असेल तर आत ४६ अंश होणार आणि चिपचे तापमान त्याच्यावर चढणार. थंड प्रदेशातला वापरकर्ता जी चूक पचवू शकतो, ती विदर्भात पचत नाही.

आता १२० मिलिमीटरचा एक उत्तम फॅन मिनिटाला २००० फेऱ्यांनी मोकळ्यावर ताशी १०० घनमीटरच्या आसपास हवा फेकतो, म्हणजे कागदावर एकच फॅन पुरायला हवा. परंतु असा फॅन निर्माण करू शकतो तो दाब पाण्याच्या दोन-अडीच मिलिमीटर उंचीएवढाच असतो. त्याच्यापुढे काच, अरुंद फट आणि धुळीची जाळी आली की तो फिरत राहतो, आवाजही करतो, पण हवा फारशी हलवत नाही. याची परीक्षा सोपी आहे: पूर्ण भार देऊन तापमान पाहावे आणि मग बाजूचे पॅनेल काढून पुन्हा पाहावे. माझ्या ग्राफिक्स कार्डाचे तापमान ८३ अंशांवरून ७२ वर आले, तेव्हा आतल्या कुलिंगला दोष देण्याचे कारणच उरले नाही. चांगल्या कॅबिनेटमध्ये हा फरक दोन-तीन अंशांपलीकडे जाऊ नये, असे माझे मत आहे.

नवे कॅबिनेट समोर बारीक पोलादी जाळी असलेले घेतले. पुढून दोन १४० मिलिमीटरचे फॅन हवा आत घेतात आणि मागून १२० मिलिमीटरचा एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा बाहेर काढल्या जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवली की पेटीत किंचित जादा दाब राहतो आणि धूळ प्रत्येक फटीतून शिरण्याऐवजी पुढच्या जाळीवरच अडकते. ती जाळी नळाखाली धुता येते. (खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नये, उडालेल्या थेंबांतील क्षारांची पांढरी पूड मी त्याच जाळीवर पाहिली आहे.) फॅनचा वेग २० टक्क्यांनी कमी केल्यास हवाही तेवढीच कमी होते, पण त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते आणि आवाज स्पष्टपणे उतरतो, म्हणून एका वेगवान फॅनपेक्षा संथ फिरणारे मोठे फॅन मला पसंत आहेत.

लिक्विड कुलिंगचा, म्हणजे पंपाने द्रव फिरवून प्रोसेसरची उष्णता रेडिएटरकडे नेण्याचा, आग्रह दुकानदाराने धरला होता. रेडिएटरसुद्धा अखेर त्याच खोलीतल्या हवेला उष्णता देतो आणि वर पंप हा बिघडू शकणारा एक भाग वाढतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरला चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) साधा टॉवर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर उभा बसणारा पत्र्यांचा आणि फॅनचा थर, भरपूर होतो. फक्त त्याची उंची कॅबिनेटच्या रुंदीत बसते की नाही, हे आधी मोजावे.

वास्तविक ही सगळी समज नवी नाही. इंटेलने १९९५ साली मदरबोर्ड आणि पेटी यांची एटीएक्स ही मांडणी आणली. त्या मांडणीच्या जुन्या पेट्यांत एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) वरच्या बाजूला असे आणि प्रोसेसरची तापलेली हवा त्याच्याच पोटात जाई. अँटेक कंपनीच्या पी१८० या कॅबिनेटने २००५ मध्ये त्याला तळाशी स्वतंत्र कप्पा दिला. सिल्व्हरस्टोन कंपनीच्या एफटी०२ या कॅबिनेटमध्ये तर मदरबोर्डच ९० अंशांत फिरवून तळाच्या १८० मिलिमीटरच्या तीन फॅनची हवा सरळ वर नेली होती. गरम हवा आपोआप वर जाते म्हणून ती रचना चांगली, असे सांगितले जाते. मला तिचे खरे श्रेय हवेच्या बिनअडथळ्याच्या सरळ वाटेला द्यावेसे वाटते, कारण फॅनच्या जोरापुढे तो नैसर्गिक प्रवाह अगदीच क्षीण असतो.

बांधणीचा दर्जा मात्र हातानेच कळतो. रिकामे कॅबिनेट समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून हलके पिळून पाहावे आणि बाजूचे पॅनेल अंगठ्याने दाबून पाहावे. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा लगेच डब्यासारखा वाजतो. पाऊण मिलिमीटरच्या पुढचा पत्रा बहुधा गप्प राहतो. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते आणि पातळ पत्रा तीच गुणगुण मोठी करून ऐकवतो. जुन्या कॅबिनेटच्या आतल्या कडा वळवलेल्या नव्हत्या. त्याची खूण माझ्या तर्जनीवर अजून आहे.

नव्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत, म्हणून मी आधी त्याच्यावरच संशय घेतला. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा अल्पसा गळतीचा प्रवाह आर्थिंग नसल्यास सांगाड्यावरच राहतो. जुन्या पेटीची काच आणि प्लास्टिक यांनी तो माझ्यापासून लपवला होता, इतकेच. वायरमनने भिंतीवरचा विजेचा बोर्ड उघडला तेव्हा आर्थिंगच्या तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नव्हती.