ताठ झालेला डावा हात

चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: ‘एमआरआय ब्रेन, फिट्स’. सोबत दुसरीकडे काढलेला आधीचा स्कॅन होता, रिपोर्ट ‘नॉर्मल’. कुडाळला रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना अशा चिठ्ठ्या नेहमीच्याच.

पोरगा विशीतला, मालवणकडचा, ट्रॉलरवर खलाशी. मशीनमध्ये जाण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं, आणि याच्या दंडावर तांब्याचा ताईत. आई तो सोडायला तयार होईना. गावात वारं म्हणून कौल लावून झाला होता, गाऱ्हाणं घालून झालं होतं. पण त्याच माउलीने डॉक्टरांनी दिलेली एक गोळी कधी चुकवली नव्हती. फाइल बघितली, तर दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या डोसमध्ये देऊन झालेली, तरी फिट येतच होत्या. म्हणजे औषधांना दाद न देणारी मिरगी.

मी विचारलं, फिट येते तेव्हा नेमकं काय होतं? तिने सांगितलं नाही, करूनच दाखवलं. नजर एका जागी लावली, ओठ मिटक्या मारल्यासारखे हलवले, उजव्या हाताने पदराचा काठ चिवडू लागली आणि डावा हात मनगटात वाकडा करून ताठ धरला. “पोटातसून कायतरी वर येता म्हणता, डॉक्टरानु, नि मगे असो बघीत रवता.”

मला हवं ते मिळालं होतं. पोटातून वर चढणारी भावना, मिटक्या, चाळवणारा उजवा हात हे सगळं टेम्पोरल लोबकडे, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाकडे, बोट दाखवतं. आणि शरीराची डावी बाजू मेंदूचा उजवा भाग चालवतो, म्हणून हात डावा ताठ होत असेल तर संशय मेंदूच्या उजव्या बाजूवर. लहानपणी तापात फिट आली होती का, हेही विचारलं. दीड वर्षाचा असताना आली होती, आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत थांबली नव्हती.

आधीच्या स्कॅनमध्ये पाच-पाच मिलिमीटरचे आडवे काप होते. गाठ किंवा रक्तस्राव शोधायला ते चालतात. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा भाग, मात्र टेम्पोरल लोबच्या आत दडलेला, जेमतेम करंगळीएवढा. त्याच्या लांबीला काटकोनात पातळ उभे काप घेतले नाहीत, तर डावी-उजवी बाजू ताडून बघता येत नाही. मी टेक्निशियनला एपिलेप्सी प्रोटोकॉल, म्हणजे मिरगीसाठी ठरलेली स्कॅनची पद्धत, लावायला सांगितला: एक मिलिमीटरचा थ्रीडी टी-१, उभे टी-२ आणि फ्लेअर, असे प्रतिमांचे वेगवेगळे प्रकार. मशीनच्या त्या धडधडाटात पोरगा अर्धा तास हलला नाही.

फ्लेअरवर उजवा हिप्पोकॅम्पस पांढरा उठून दिसला. डाव्यापेक्षा आक्रसलेला, आतली थरांची रचना पुसलेली. हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस, म्हणजे पेशी मरून तो भाग आक्रसणं; लहानपणी तापात लांबलेल्या फिटशी त्याचा संबंध अनेकदा सापडतो, म्हणून तो प्रश्न विचारला होता.

मिरगीचं निदान स्कॅन करत नाही. ते झटक्याच्या वर्णनावरून होतं, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, त्याला आधार देतो. स्कॅन सांगतो मूळ कुठे आहे. पण ते कळलं तर उपचाराची दिशाच बदलते, तो भाग ऑपरेशनने काढता येतो. टेम्पोरल लोबच्या मिरगीवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण वर्षभराने भान हरपणाऱ्या झटक्यांतून सुटले होते, नुसत्या औषधांच्या गटातले ८ टक्के. म्हणूनच ‘फिट्स’ एवढ्या एका शब्दावर माणसाला मशीनमध्ये घालणं मला पटत नाही. आईने दाखवलेलं ते अर्ध्या मिनिटाचं वर्णन चिठ्ठीवर असतं, तर पहिल्याच वेळी काप नीट घेतले गेले असते.

रिपोर्ट लिहून न्यूरोलॉजिस्टना फोन केला. पुढे व्हिडिओ-ईईजी, स्मरणशक्तीच्या चाचण्या, मग ऑपरेशनचा निर्णय; मुंबईचं केईएम किंवा तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा. आईला मॉनिटरवर दोन्ही बाजू दाखवल्या. बराच वेळ बघून तिने विचारलं, “ह्यां काढल्यार तो माका वळखतलो मां?”

“वळखतलो. दुसरी बाजू नीट काम करता काय, तां आधी तपासतत, मगेच हात लावतत.”

मामा दारात उभा होता. त्याला बजावलं, निर्णय होईपर्यंत पोराला ट्रॉलरवर पाठवायचं नाही, विहिरीवर एकटं सोडायचं नाही, आणि गोळ्या चालूच ठेवायच्या.