फोर्ट खरंच पुन्हा जिवंत झालंय का?

हल्ली इन्स्टा उघडलं की दक्षिण मुंबईतल्या फोर्ट भागातल्या काळा घोड्याचे रील्स. फोर्टमधलं नवं कॅफे, पिवळ्या लाइटमध्ये उजळलेली दगडी बिल्डिंग, आणि खाली कॅप्शन की फोर्ट परत जिवंत झालं. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर परवा हीच चर्चा निघाली, बांद्रा-लोअर परळ सोडून आता सगळे टाउनला चाललेत वगैरे, आणि मी उत्तर टाइप करत बसले ते संपेचना, म्हटलं त्यापेक्षा नीट लिहूनच काढावं. माझी बरीचशी नोकरी फोर्टमध्ये झालीय आणि माझी मावशी लग्न होऊन बोरा बाजारात आली ती अजून तिथेच राहते, त्यामुळे या प्रश्नावर माझ्या पोटात बरंच काही साठलंय.

आधी चांगलं ते मान्य करते. काळा घोड्याचा परिसर खरंच सुंदर झालाय. १९९९ पासून तिथे फेब्रुवारीत आर्ट फेस्टिव्हल भरतो, पहिल्या वर्षांत तिथे जाणारे कोण होते आणि आता किती गर्दी लोटते ते बघितलं की फरक कळतो. २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना, म्हणजे एकीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि पलीकडच्या आर्ट डेको, युनेस्कोचा दर्जा मिळाला. १८६४ चं फ्लोरा फाउंटन किती वर्षं कोरडं पडलं होतं, ते दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पाणी सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते आणि मला मनापासून भरून आलं होतं. राजाबाई टॉवर, सिनगॉग, डेव्हिड ससून लायब्ररी, ही सगळी कामं कुणीतरी चिकाटीने, दगड न दगड साफ करून केलीयत आणि त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. गल्ल्यांमध्ये वीकेंडला संध्याकाळी गाड्या बंद ठेवायचा प्रयोग झाला तोही मला आवडला. मुलं रस्त्याच्या मधोमध पळतायत असं दृश्य मुंबईत बघायला कुठे मिळतं!

पण हे सगळं म्हणजे फोर्ट नाही, फोर्टचा एक कोपरा आहे. जहांगीर आर्ट गॅलरीपासून हुतात्मा चौकात या, तिथून आत शिरून मिंट रोडकडे चालायला लागा, आणि हे शनिवारी करू नका, मंगळवारी रात्री नऊला करा. ऑफिसं सुटून सगळा लोंढा सीएसएमटी आणि चर्चगेटला गेलेला असतो, शटर खाली, फुटपाथवर झोपायची तयारी करणारी माणसं, एखादं मेडिकल उघडं, आणि वर बघितलं तर चार-चार मजली बिल्डिंगमध्ये एखाद-दुसऱ्या खिडकीत लाइट. मी रात्री एखादा भाग बघताना खालची दुकानं बघतच नाही, वरच्या खिडक्या बघते. तिथे कपडे वाळत असतील, कुकरची शिट्टी ऐकू येत असेल तर तो भाग जिवंत, नाहीतर मग तो दिवसा उघडणारा बाजार.

आणि काळा घोड्यातच बघा ना, जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, रिदम हाउस हे गाण्यांच्या कॅसेट-सीडींचं दुकान २०१६ मध्ये, आणि फोर्टमधला स्ट्रँड बुक स्टॉल, १९४८ पासूनचा, २०१८ मध्ये. ही नुसती जुनी म्हणून प्रेमाची ठिकाणं नव्हती हो. समोवारमध्ये एक चहा घेऊन कॉलेजची मुलं तासभर बसू शकायची, रिदम हाउसमध्ये काही न घेता गाणी ऐकून बाहेर पडता यायचं, स्ट्रँडचे मालक शानभाग यांनी किती पिढ्यांना डिस्काउंटमध्ये पुस्तकं दिली. म्हणजे खिशात फार पैसे नसलेल्या माणसालाही फोर्टमध्ये बसायला, रेंगाळायला जागा होती. आता जी नवी ठिकाणं आलीयत तिथे दोघांची कॉफी आणि एक केक घेतला की माझ्या आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात. त्यांनी चालवू नये असं मी म्हणत नाही, भाडंच तेवढं असतं, पण मग हा भाग कुणासाठी जिवंत झाला हे विचारायला नको का? किताबखाना हे पुस्तकांचं दुकान मात्र आहे, २०२० च्या शेवटी लागलेल्या आगीनंतर काही महिन्यांत परत उभा राहिला, आणि तिथे अजून कुणी हटकत नाही. असं एखादं ठिकाण तगून राहिलं तरी जीव भांड्यात पडतो.

फोर्ट रिकामं कसं झालं हे कळल्याशिवाय परत भरलं की नाही हे कळणार नाही. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, त्याच्याआधी लोक किल्ल्याच्या आतच दाटीवाटीने राहायचे, खाली दुकान वर घर. बाजारगेटच्या बाजूची बांधणी आजही तशीच आहे. मग हळूहळू घरांची ऑफिसं झाली. भाडी ज्या काळात गोठली तिथेच राहिली, १९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळालं हे चांगलंच झालं, नाहीतर माझ्या मावशीसारखी माणसं कधीच बाहेर फेकली गेली असती, पण भाडं इतकं किरकोळ की मालक दुरुस्ती करेना, म्हाडाकडून टेकू लागले, टेकूवरच पंधरा-वीस वर्षं गेली. तिकडे बीकेसी, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स, उभं राहिलं आणि मोठ्या कंपन्या, बँका एकेक करून तिकडे गेल्या. दलाल स्ट्रीटवर शेअर बाजारात १९९५ मध्ये कॉम्प्युटरवर ट्रेडिंग सुरू झालं आणि तिथला आरडाओरडा गेला, त्याच्या जिवावर चालणारे चहावाले, सँडविचवाले, निरोपे सगळेच पांगले. आता हायकोर्टाच्या नव्या संकुलाचीही पायाभरणी वांद्र्यात झालीय. कोर्ट गेलं की वकील जाणार, टायपिस्ट जाणार, नोटरी, झेरॉक्स, रबरस्टँपवाले सगळे जाणार, याचा विचार कुठल्याच रीलमध्ये नसतो. जनगणनेचे आकडे तर सरळ आहेत, मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार. उपनगरं फुगत गेली आणि शहर अडीच लाखांनी आटलं.

आता मावशीचं सांगते. तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही. जिन्याच्या कठड्याला दोरखंड बांधलाय तो धरून ती चढते, सत्तरी उलटलीय. तळमजल्यावर स्टेशनरीचं होलसेल दुकान, पहिल्या मजल्यावर कुरियरचं ऑफिस आणि एका सीएचं, दुसऱ्यावर दोन खोल्यांमध्ये गोडाऊन. तिच्या मजल्यावर पूर्वी पाच बिऱ्हाडं होती, गुजराती, पारशी, आपले कोकणातले, आता ती आणि समोरच्या बेन दोघीच, बाकीच्या दारांना कुलपं. कुणी बोरिवलीला गेलं, कुणी डोंबिवलीला, कुणाची मुलं अमेरिकेत. संध्याकाळी सात वाजता खालचं गेट ऑफिसवाले अर्धं ओढून घेतात, रविवारी तर बिल्डिंगमध्ये या दोघींशिवाय कुणीच नसतं. दिवसा मात्र जिन्यात माणसाला उभं राहायला जागा नाही, कुरियरच्या गोण्या पायरीपायरीवर.

मी तिला विचारलं, मावशी, फोर्ट सुधारलंय म्हणतात, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "अगं, सुधारलं असेल पण दळण आणायला मला मस्जिद बंदरपर्यंत जावं लागतं त्याचं काय." तिच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती ती बंद पडली, आता तिथे काचेचं दार लावून काहीतरी सॅलड-बिलड विकतात, दुपारी ऑफिसवाली मुलं रांग लावतात. दूध मिळतं, भाजीवाला सकाळी एक फेरी मारतो, पण शिंपी गेला, रद्दीवाला गेला, फॅमिली डॉक्टर वारले आणि त्यांच्या जागी डायग्नोस्टिक सेंटर आलं. रात्री छातीत दुखलं तर कोण धावून येणार ही तिची खरी काळजी आहे. पूर्वी नुसती हाक मारली की चार दारं उघडायची.

आणि भीती आहे ती वेगळीच. जुलै २०२० मध्ये मिंट रोडवरची भानुशाली बिल्डिंग पावसात कोसळली, माणसं गेली. मावशीच्या घरापासून ती चालत काही मिनिटांवर. त्या दिवसापासून जोरात पाऊस लागला की ती कपाटातली कागदपत्रांची पिशवी काढून दारापाशी ठेवते. तिकडे एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल, जिथे १८९६ मध्ये लुमिएर बंधूंचे सिनेमे भारतात पहिल्यांदा दाखवले, ते २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामं केलं आणि तसंच उभं आहे. काळा घोड्याच्या ऐन मध्यात! लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात.

खरी जिवंत वेळ कुठली सांगू का, दुपारी एक ते अडीच. डबेवाले चर्चगेटहून सायकली दामटत निघालेले, सीटीओ, म्हणजे जुन्या तार ऑफिसजवळच्या वडापावला रांग, डोसा, फ्रँकी, कापलेली फळं, पावभाजी, प्यून आणि मॅनेजर एकाच गाडीवर उभ्याने जेवतायत. याला कुणी सुशोभीकरणाचं बजेट दिलेलं नाही, उलट पालिकेची गाडी येते तेव्हा याच लोकांना पळावं लागतं. फाउंटनच्या फुटपाथवरची जुन्या पुस्तकांची दुकानं अशीच २००५ मध्ये उठवली होती, काही थोडी परत बसली, पण पूर्वीची ती लांबच लांब रांग आली नाही ती नाहीच. फुटपाथ मोकळा पाहिजे हे मलाही पटतं, चालताना मलाही त्रास होतो, पण जागा आखून, लायसन्स देऊन बसवता येतं की. हेरिटेज खांब लावायला जसा पैसा मिळतो तसा यालाही मिळाला पाहिजे.

रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटला जाऊन बघा कधी. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, आणि प्रत्येक गल्लीत टेनिस बॉलचं क्रिकेट. मस्जिद, डोंगरी, गिरगाव कुठून कुठून पोरं येतात, एका बिल्डिंगचा खांब स्टंप, समोरची पायरी बाउंड्री, पलीकडच्या गल्लीतला फिल्डर या गल्लीतला बॉल परत फेकतो. मला तो भाग तेव्हा सगळ्यात जास्त आवडतो. पण ती पोरंही दुपारी घरी जातात, आणि संध्याकाळी तिथे कुत्री सोडून कुणी नसतं.

मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि हुतात्मा चौकात स्टेशन आलं, याने मात्र मला खरंच आशा वाटते. इतकी वर्षं खणलेल्या रस्त्यांमधून, पत्र्यांच्या आडून चाललो त्याचं काहीतरी झालं. अंधेरीची मुलगी आता संध्याकाळी लोकलमध्ये न लोंबकळता जहांगीरला येऊ शकते. पण मेट्रो माणसं आणते तशीच रात्री परत घेऊन जाते. त्याच वेळी बेस्टच्या बसेस कमी होत गेल्या, मावशीसारखीला जिना उतरून मेट्रोत जाणं कुठे जमणार, तिला बसच लागते आणि ती स्टॉपवर ताटकळत बसते.

म्हणून माझं मत विचाराल तर काळा घोडा सजलंय, छान सजलंय, पण फोर्ट अजून जिवंत झालेलं नाही, आणि माणसं राहायला आल्याशिवाय ते होणारही नाही. कुलूप लागलेल्या खोल्यांमध्ये नर्सेस, कोर्टातले क्लार्क, जेजे कॉलेजातले विद्यार्थी, हॉटेलात काम करणारी मुलं परवडेल अशा भाड्यात राहू शकली पाहिजेत, आज ती कर्जत-विरारहून येतात. सेस बिल्डिंगची, म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा कर भरणाऱ्या जुन्या बिल्डिंगची, दुरुस्ती आहे त्याच भाडेकरूंना ठेवून करता येते, सगळीकडे टॉवरच उभा करायला पाहिजे असं नाही, शिवाय हेरिटेज भागात उंचीवर बंधनं आहेतच. मावशीच्या बिल्डिंगसाठी एक बिल्डर दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला की तुम्हाला सायनला छान लिफ्टवाला फ्लॅट देतो, इथे वर सर्व्हिस अपार्टमेंट करू. मावशीने त्याला चहा दिला आणि सांगितलं, लिफ्ट इथेच बसव, मी सही करते. तो अजून परत आलेला नाही.